बंडूच्या बैलाला मोटर

आमच्या बंडूला तान्ह्या पोळ्याचा राग यायचा. श्रावण सरत आला, आईनं पुरणासाठी डाळ निवडायला घेतली, की हा भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि कोणी काही विचारलं तर "झोपलो आहे" असं टक्क जागेपणी सांगायचा. विदर्भातल्या माणसांना हा सण समजवायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा. खऱ्या बैलांच्या जागी लाकडाचे बैल, त्यांच्या पायांखाली चाकं, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड. पोरं आपापला बैल दोरीनं ओढत मिरवत नेतात, घरोघरी त्यांना ओवाळतात आणि हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ, नाहीतर सुटे पैसे. आमचे आजोबा नोकरीसाठी भंडाऱ्याकडून जबलपूरला आले ते हा पोळा बरोबर घेऊनच. राज्यं वेगळी झाली, नातेवाईक सगळे सरहद्दीच्या पलीकडे राहिले, आम्ही इकडे मध्य प्रदेशात. पण चेरीतालच्या आमच्या गल्लीतली मराठी घरं तान्हा पोळा चुकवत नसत. शेजारची हिंदी पोरंसुद्धा मातीचे घोडे घेऊन मागे मागे यायची.

बंडू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. वर्षाचा व्हायच्या आतच त्याला ताप आला आणि त्या तापानं दोन्ही पाय नेले. घरात तो हातांवर सरकत फिरायचा, आणि असा भराभर फिरायचा की आई पोळ्या लाटताना त्याला पाटाजवळून हाकलत असायची. पण उंबऱ्याबाहेर मात्र बाबांचा खांदा. शाळेत खांद्यावर, बाजारात खांद्यावर, देवळात खांद्यावर. बाबा गाड्यांच्या सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर होते. धिप्पाड, बोलायला कमी. त्यांनी बंडूला उचलताना कधी "हं" केलेलं मी ऐकलं नाही. तान्ह्या पोळ्यालाही तसंच. बाबांच्या खांद्यावर बंडू, आणि त्याचा बैल ओढायला मी. सगळ्या पोरांची डोकी खाली, हा एकटा वर, कौलांच्या उंचीला. लोक म्हणायचे, वा, राजाच झाला पोरगा. त्या वर्षी मात्र त्यानं सांगून टाकलं, की बैल माझा, ओढते शोभा, आणि मी वरून काय पाहू, लोकांची टकलं? मी येणार नाही.

आई म्हणाली, बघू. आणि आमची कमलताई, जी अंगणात कोणाची तरी इस्त्री उघडून बसली होती, तिनं स्क्रू काढायचा पेचकस खाली ठेवला.

ताईबद्दल सांगायचं तर कुठून सुरुवात करू, हाच माझा प्रश्न आहे. मॅट्रिक झालेली, उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले, आणि बोटांच्या पेरांना कायम काळा वंगणाचा डाग. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि दाखवण्याच्या दिवशी आई तिची बोटं लिंबानं घासायची. शिकवलं तिला कोणी नाही. लहानपणी बाबांनी टॉर्च बिघडला म्हणून टाकून दिला, तो तिनं उघडला. मग घड्याळ, मग टेबलफॅन. गल्लीतल्या बायका इस्त्र्या घेऊन यायच्या आणि बदल्यात कोणी भोपळा, कोणी वाटीभर लोणचं देऊन जायच्या. फिरणारी वस्तू दुरुस्त करायला आली की ती लगेच उघडायची नाही. पेचकसाचं टोक वस्तूच्या अंगाला लावायचं, मूठ आपल्या कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. तेवढा वेळ आम्ही श्वाससुद्धा हळू घ्यायचो. मग डोळे उघडून म्हणायची, डावीकडे घासून राहिलं आहे. उघडलं की डावीकडेच घासलेलं असायचं. मला वाटायचं, आपल्या घरात डॉक्टर आहे. अजून वाटतं.

गाडी तर तिनं आठवड्यातच केली. खाटेच्या दोन फळ्या, जुन्या बाबागाडीची चार चाकं, मागच्या आसावर लाकूड कातणाऱ्या खरादी काकांकडून करून आणलेलं एक लाकडी चक्र, आणि पिठाच्या चक्कीचा फाटका पट्टा कापून केलेला अरुंद पट्टा. बंडूचे पाय कामाचे नव्हते म्हणून वळवायचं कसं हा प्रश्न होता. ताईनं पुढच्या आसाच्या दोन टोकांना दोन दोऱ्या बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या, बैलाच्या कासऱ्यासारख्या. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. लाकडी बैल नाकासमोर, पुढच्या फळीवर बसवला. बंडू त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपला नाही. पण तोंडानं काही कबूलही केलं नाही. म्हणाला, "अन् ढकलंल कोण? शोभा? मग खांदा काय वाईट होता?"

ढकलणार कोणीच नव्हतं. मोटर लावायची होती.

कबाडखान्याचा मुन्ना भैया आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बसायचा. लिलावात निघालेल्या जुन्या ट्रकांचं सामान त्याच्याकडे ढिगानं यायचं आणि त्याच्या पत्नीचा रेडिओ ताईनं दोनदा जिवंत केला होता, त्यामुळे ताईला त्याच्या ढिगात हात घालायची मुभा होती. ती मला घेऊन गेली आणि आम्ही हातगाडीवर तीन वस्तू घालून आणल्या, वर एक ट्रकची बॅटरी. एक होती काच पुसायच्या दांडीची मोटर, एक ट्रकचा स्टार्टर, आणि एक डायनेमो. घरचा टेबलफॅन ताईनं आधीच बाद केला होता, कारण त्याला भिंतीतली वीज लागते. बंडू म्हणाला होता, मग काय मी शेपटीला तार बांधून फिरू, पतंग आहे का मी. मुन्ना भैयाची शिफारस स्टार्टरची होती. काळाकुट्ट, वजनदार, हातात धरला तर खांदा उतरावा. "दीदी, ये पूरा ट्रक हिला देता है," तो म्हणाला. "और वो डायनेमो काहे को ले जा रही हो? वो तो बिजली बनाता है, खींचता थोड़ी है." ताई म्हणाली, फिरवलं तर बनवतो ना भैया, मग दिली तर फिरेल. मुन्ना भैयानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, ले जाओ, देख लो, और शाम को मुझे भी बताना.

आता पारख कशी करायची? आज माझा नातू मोबाईलवर बघून सांगतो की अमुक मोटर इतक्या वजनाला इतकी चालेल. आमच्याकडे काय होतं? विहीर होती. ताईनं गाडीचा मागचा भाग विटांवर उचलून ठेवला, चाकं हवेत, गाडी दगडांनी दाबून पक्की केली. मागच्या आसाला दोर गुंडाळला, तो रहाटावरून नेला आणि टोकाला बादली. म्हणजे मोटर फिरली की पट्टा फिरेल, पट्ट्यानं आस फिरेल आणि बादली वर येईल. "बंडूला ओढायचं म्हणजे सारखं ओढायचं," ती मला म्हणाली. "एकदा उचलणं तर कोणीही करेल." अंगणात चुलीवर आमटी उकळत होती, आईनं तिच्यात कोथिंबीर टाकली होती, तो वास आणि जुन्या वंगणाचा वास एकमेकांत मिसळला होता. आजही कुठे दोन्ही एकत्र आले की मला ते अंगण दिसतं. बंडूला ताईनं विहिरीच्या कट्ट्यापासून दूर, पायरीवर पंच म्हणून बसवलं होतं.

काच पुसायची मोटर पहिली. तिनं बादली उचलली, पण अशी, की बंडू म्हणाला, ताई, ही वर येईपर्यंत माझं लग्न होऊन जाईल. मग स्टार्टर. ताईनं तार टेकवली मात्र, आणि विहिरीतून बादली जी उडाली ती रहाटाला आपटून उलटी झाली आणि सगळं पाणी ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या बाबांवर. बाबांनी पेपर झटकला, चष्मा पुसला, आणि खुर्ची दोन हात मागे घेऊन पुन्हा वाचायला बसले. बंडू हसून हसून पायरीवरून घसरला. "हीच," तो म्हणाला. "ताई, हीच लाव. झालं."

ताईनं सावकाश, तार टेकवत काढत, आणखी बादल्या काढल्या. मग उजवा हात उलटा करून स्टार्टरच्या अंगाजवळ नेला, जसा आपण भाकरी टाकायच्या आधी तव्याजवळ नेतो. तो लगेच मागे आला. हवेत जळक्या लाखेसारखा वास सुटला होता. पुढची बादली अर्ध्यातच थांबली, कारण बॅटरीच मान टाकत होती. ती बॅटरी चार्ज करून आणायला मला पुन्हा हातगाडी ढकलावी लागली. दुसऱ्या दिवशी डायनेमो. तो सुरू झाला तर आधी कळलंच नाही. नुसती घूं घूं, पुष्कळ मधमाश्या लांब कुठेतरी असाव्यात तशी. बादली आली. जोरात नाही, हळूही नाही. पुन्हा सोडली, पुन्हा आली. आईनं घरातली सगळी भांडी भरून घेतली, शेजारच्या काकूंनी आपला हंडा आणला, मग त्यांच्या जावेनं. बायका रांगेत उभ्या राहून गप्पा मारायला लागल्या आणि डायनेमो आपला घूं घूं करत पाणी काढत राहिला. ताईनं उलटा हात त्याच्या अंगावर टेकवला आणि तसाच ठेवला. बाळाचा ताप बघताना ठेवतात ना, तसा.

बंडूचं तोंड उतरलं होतं. बायका गेल्यावर तो बोलला, आणि त्या बोलण्यात नेहमीची चेष्टा नव्हती.

"ताई, मला हळू नाही जायचं. हळू तर मी रोजच जाऊन राहिलो."

ताई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. दोघांची डोकी सारख्या उंचीला आली. ती म्हणाली, "स्टार्टर लावून देते. काही मोठं काम नाही. तू सगळ्यांच्या पुढे सुटशील. अन् चौकात मोटर तापून बंद पडेल. मग बाबा येतील अन् तुला उचलतील. चालते तुला?"

बंडूनं स्टार्टरकडे पाहिलं.

"मला सांग, तुला सगळ्यांच्या पुढे जायचं आहे का सगळ्यांसंगं?"

त्यानं पुष्कळ वेळ पायरीचं सिमेंट नखानं खरवडलं. मग म्हणाला, "संगं. पण मागं नाही."

"मागं नाही," ताई म्हणाली.

त्यानंतर तिनं जे केलं ते आठवून मला अजून हात जोडावेसे वाटतात. तिनं मला गल्लीत माझा स्वतःचा जुना बैल ओढत चालायला लावलं, पोळ्यात पोरं चालतात तसं, थोडं चालत, थोडं धावत. त्या चालीकडे ती पाहत बसली. मग खरादी काकांकडे जाऊन आसावरचं लाकडी चक्र थोडं लहान करून आणलं, म्हणजे गाडी जरा जलद जावी. लावून बघितलं, हात ठेवून ऊब बघितली. पुन्हा जाऊन आणखी जरासं कमी करून आणलं. खरादी काका वैतागले, म्हणाले, बिटिया, एक बार में बोल दो ना. पण एका वेळी सांगता येणारी ती गोष्ट नव्हती. शेवटी गाडी अशी झाली की मी बैल ओढत चालले तर बंडू माझ्या बरोबरीनं येई. मी थांबले तर त्यानं बटण बंद करावं, फळीचा ब्रेक चाकावर दाबावा.

बाबांना मात्र हे सगळं कुठेतरी टोचत होतं. जेवताना एकदाच बोलले. म्हणाले, "कमल, माझे खांदे काय दुखून राहिले का?" ताईनं त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "तुमचे नाही दुखत, बाबा." बंडूनं वरण मागितलं.

पोळा झाला. घरात पुरणपोळ्या, वडाभात, करंज्या. आई पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लाकडी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायची, कारण वर्षभर राबणाऱ्याचे खांदे असे मळतात. लाकडाचा बैल काय राबतो, असं आम्ही विचारलं तर रागवायची. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ताई आंघोळीला गेली होती, बंडूला मी सदरा घालत होते, आणि आई ओवाळायचं ताट घेऊन गाडीकडे आली. बैलाला कुंकू लावलं. मग तिच्या मनात आलं की ओढणार तर हा मागचा बिचारा आहे, याला कोणीच काही लावलं नाही. आणि तिनं वाटीतलं उरलेलं तूप आणि हळद डायनेमोच्या अंगाला, जिथे पट्टा चढतो त्या खांद्याला, चांगलं बोटांनी चोळून लावलं. मनापासून लावलं. आईनं आयुष्यात काही वरवर केलं नाही.

निघताना काही कळलं नाही. गार होतं तोवर तूप थिजलेलं होतं. गल्लीतून वीसेक बैल निघाले, घुंगरांचा गदारोळ, मागे मातीचे घोडे, आणि मधोमध दोन हातांत दोन कासरे धरून आमचा बंडू. पहिल्या घरी त्याला ओवाळताना काकूंना वाकावं लागलं आणि बोजारा त्याच्या हातात पडला, बाबांच्या नाही. मुन्ना भैया दुकान सोडून रस्त्यावर आला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, डायनेमो है, हमारे यहाँ का है. ताई गाडीपासून चार पावलं मागे, कोणाकडे न बघता, नुसती ऐकत चालली होती.

हलवायाच्या दुकानाशी, जिथे कढईत खव्याच्या जिलब्या तळल्या जात होत्या, तिथे घूं घूं चढली आणि गाडी मात्र मंदावली. मग उभी राहिली. डायनेमो फिरतो आहे, पट्टा जागच्या जागी सरकतो आहे, चाक ढिम्म. चालून चालून डायनेमो जरासा ऊबदार झाला होता, अगदी तूप वितळण्यापुरता, आणि ते तूप ओघळून पट्ट्याखाली गेलं होतं. पोरांचे बैल दोन्ही बाजूंनी पुढे जायला लागले. बंडूनं बटण बंद केलं. त्याचे कान लाल झाले होते. बाबा गर्दीतून आलेच, सवयीनं वाकले, दोन्ही हात त्याच्या काखेत घातले.

"बाबा, हात नका लावू," ताई म्हणाली. ओरडली नाही, पण बाबांशी त्या आवाजात घरात कोणी बोलत नसे. बाबांचे हात तिथेच थांबले. ताई गुडघ्यांवर बसली, पट्ट्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि मागे वळून आईकडे पाहिलं. आईच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. "त्याला काहून नाही लावायचं, तोच तर ओढून राहिला," ती पुटपुटली. ताईला हसू आवरेना. रडायची वेळ आणि ती हसत होती. मग ती सरळ हलवायाच्या भट्टीपाशी गेली, खालची गार राख ओंजळीत घेतली आणि आली. तुपकट भांडं राखेनंच निघतं, हे आईनंच तर आम्हाला शिकवलं. पट्टा उतरवला, राखेनं घासला, चक्रं घासली, पदरानं पुसली, नवा पदर होता तो, दाखवायच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या साडीचा. पुन्हा राख, पुन्हा पुसलं. पट्टा चढवला.

"दाब," ती म्हणाली.

बंडूनं बटण दाबलं. पट्टा एकदा चिरकला आणि धरला. गाडी गेली. पुढे जाऊन थांबलेली पोरं ओरडली आणि सगळे बैल एकदम हलले, आणि मी पाहिलं की बंडूच्या दोन्ही बाजूंना पोरं होती, आणि त्यांच्यातल्या कोणालाही त्याच्यासाठी पाऊल आवरावं लागत नव्हतं.

देवळापाशी मिरवणूक संपली. पोरांनी बैल रांगेत लावले, खाऊ वाटायला सुरुवात झाली. मी पाहिलं तर बंडूची गाडी थांबली नव्हती. त्यानं डावा कासरा ओढला आणि तो देवळामागच्या बोळात वळला, जिथे मिरवणूक जात नाही, जिथे आपलं कोणी राहत नाही. वळला आणि दिसेनासा झाला. आई म्हणाली, अहो, जा ना, बघा. बाबा दोन पावलं गेलेही. ताई म्हणाली, राहू द्या.

आम्ही चौघं देवळाच्या पायरीशी उभे राहिलो. तेव्हा मला कळलं नाही, पुष्कळ वर्षांनी कळलं, की तो जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच बंडू कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. बाबा रिकामे हात कुठे ठेवावे हे न कळून आधी मागे बांधून उभे राहिले, मग पुढे. मग ताईला विचारलं, "बॅटरी पुरेल?"

ताईनं डोळे मिटले होते. बोळाच्या पलीकडून, घरांच्या मागून, ती मधमाश्यांची घूं घूं अगदी बारीक येत होती.

"पुरेल," ती म्हणाली. "दूर चालला आहे अजून."